भाड्याने दिलेल्या घराचा गीझर कुणाचा?

ओसरीवरचा | १० डिसेंबर, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

पुण्यात कर्वेनगरला आईचा वन बीएचके होता, ती गेल्यावर माझ्या नावावर झाला. बिल्डिंग १९९४ची. मी नाशिकला असतो. जूनपासून एजंटमार्फत भाड्याने दिलाय, लातूरकडचं जोडपं आहे आणि चार वर्षांची मुलगी. भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार, करार अकरा महिन्यांचा आणि रीतसर रजिस्टर केलेला. माणसं खरंच चांगली, भाडं पाच तारखेच्या आत येतं म्हणजे येतंच.

पण गेल्या दोन महिन्यांत फोनवर फोन. आधी बेसिनचा नळ गळतोय. मग हॉलचा पंखा किटकिट करतो. मग बेडरूमच्या भिंतीला ओल आलीय, कपाटातले कपडे कुबट झाले. आता परवा म्हणे गीझर नीट चालत नाही, मधेच विझतो, आंघोळीला गेलं की बाथरूममध्ये कोंडल्यासारखं होतं, वहिनींचं डोकं चढतं, तर नवीन बसवून द्या. गीझर मीच चार वर्षांपूर्वी आईसाठी घेतला होता, काही जुनापुराणा नाही.

बायकोचं म्हणणं, आपण घर दिलंय, लॉज नाही चालवत. एजंट म्हणतो 'सर एकदा हो म्हणालात की दर महिन्याला काहीतरी काढतील.' करारात दुरुस्तीबद्दल एकच ओळ आहे, 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने (म्हणजे राहणाऱ्याने) करावी.' आता किरकोळ म्हणजे काय ते कुणी ठरवायचं?

तर प्रश्न असा की घरमालकाची जबाबदारी नेमकी कुठे संपते?

चकली_कडक | १० डिसेंबर, रात्री ९.३०

धागा वाचते आहे. आम्हीही मार्चमध्ये देणार आहोत.

पेठेतला_पाहुणा | १० डिसेंबर, रात्री ९.४४

पुण्यात राहून घरमालकाच्या जबाबदाऱ्या विचारताय? आमच्याकडे जिन्यातच पाटी असायची, त्यात चौदा ओळी भाडेकरूने काय करू नये आणि खाली मालकाची सही. मालकाची जबाबदारी म्हणजे ती पाटी दर दिवाळीला पुसणे. (दिवा घ्या)

फुकट_सल्ला | १० डिसेंबर, रात्री १०.०५

सोपं सूत्र आहे. जे भिंतीत आहे ते मालकाचं, जे भिंतीबाहेर आहे ते राहणाऱ्याचं. ओल तुमची, नळाचा वॉशर त्यांचा, पंखा त्यांचा, गीझर त्यांचा. हाकानाका.

रेवा_वाकड | १० डिसेंबर, रात्री १०.२१

@फुकट_सल्ला, मग गीझर लावलेला फ्लॅट म्हणून जास्त भाडं कशाला घेता? मी नऊ वर्षांत पाच घरं बदलली त्यामुळे थोडं बोलायचा अधिकार आहे. जाहिरातीत 'सेमी फर्निश्ड, गीझर, पंखे, मॉड्युलर किचन' असं सगळं मोजून लिहायचं आणि बंद पडलं की 'ते तुम्ही बघा'. वापरून खराब झालं तर मी करीन, जुनं झालं म्हणून मेलं तर मालकाने करावं, इतकं साधं आहे.

आणि धागाकर्ते, रागावू नका, पण 'फोनवर फोन' म्हणजे सहा महिन्यांत चार फोन. भिंतीला ओल आल्यावर तिने काय करावं, वास घेत बसावं?

ओसरीवरचा | १० डिसेंबर, रात्री १०.४०

@रेवा_वाकड, रागावलो नाही. चार म्हटल्यावर खरंच कमी वाटले :)

सचिव_नाइलाजाने | १० डिसेंबर, रात्री ११.१५

मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे, आयडीवरून कळलंच असेल कसा झालो ते.

ओलीबद्दल आधी बोलतो कारण महिन्याला दोन भांडणं तरी त्याचीच सोडवतो. ओल कुठून येते ते आधी शोधा. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून किंवा सामाईक पाइपातून येत असेल तर खर्च सोसायटीचा, उपविधींत तसं आहे. वरच्या फ्लॅटच्या बाथरूम-मोरीतून झिरपत असेल तर वरच्या सभासदाचा. आणि ज्याच्या घरात ओल दिसते त्याला वाटतं सगळं जग आपल्यावर उठलंय. पण एक गोष्ट पक्की, सोसायटीला पत्र लिहायचं काम तुमचं, भाडेकरूचं नाही. त्यांनी अर्ज दिला तर आमच्यासारखे सचिव 'सभासदाला पाठवा' म्हणून परत करतात. वाईट वाटतं पण सोसायटीचं नातं सभासदाशी असतं.

जाता जाता, नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते पैसे, भरताय ना? ते मालकाने भरायचे. आणि सोसायटी मनाला येईल तेवढे लावत असेल तर १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश दाखवा, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाहीत आणि ते दहा टक्के महापालिकेचा कर वगळून धरायचे. आमच्या आधीच्या कमिटीने दोन वर्षं जास्त घेतले होते, ते परत करताना माझ्या डोक्याला ताप झाला.

पेठेतला_पाहुणा | १० डिसेंबर, रात्री ११.२२

सोसायटीने पैसे परत केले?? हा वेगळा धागा काढा, विश्वास बसत नाहीये.

वऱ्हाडी_ठेचा | ११ डिसेंबर, सकाळी ७.५०

काय भाऊ, तीन हजाराच्या गीझरसाठी धागा काढून राहिले! आमच्या नागपुरात किरायादार म्हनजे घरातलाच माणूस. माह्या बापानं किरायादाराच्या पोरीच्या लग्नात मांडव आपल्याच अंगणात टाकला होता. घ्या एक गीझर अन् मिटवा.

फुकट_सल्ला | ११ डिसेंबर, सकाळी ८.१०

@वऱ्हाडी_ठेचा, आणि मग तो किरायादार तीस वर्षं हलला नसेल. मांडव टाकण्याआधी करार केला होता का?

वऱ्हाडी_ठेचा | ११ डिसेंबर, सकाळी ८.१४

बावीस वर्षं. पन गेला ना शेवटी :D

गिरगावची_गॅलरी | ११ डिसेंबर, सकाळी १०.३२

अवांतर होईल पण राहवत नाही. माझा जन्म गिरगावातल्या चाळीतला. आमचं भाडं महिना ४३ रुपये होतं आणि ते तसंच राहिलं कारण १९४७च्या भाडे कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली होती. मालक म्हणायचा ४३ रुपयांत कौलं शाकारू की तुमचा जिना बांधू, आणि खरं सांगायचं तर त्याचंही चूक नव्हतं. आम्ही म्हणायचो मालक आहेस तर कर. दोघं आपापल्या जागी बरोबर आणि मधल्या मधे जिना पडला. शब्दशः पडला हो, सुदैवाने पहाटे, कुणी नव्हतं. मग उपकर भरा, म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे खेटे घाला, टेकू लावा. त्या टेकूंना टेकून आम्ही अभ्यास केलाय.

तेव्हा आजच्या मालकांना एवढंच सांगेन की तुम्हाला बाजारभावाने भाडं मिळतंय, मग ४३ रुपयांचं कारण सांगू नका.

सौदामिनी_वकील | ११ डिसेंबर, दुपारी १.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, घाईत आहे.

महाराष्ट्रात सध्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चालतो, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं ५५ कलम मालकांनी पाठ करावं: करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. लोक हजार रुपये नोंदणी फी वाचवायला शंभराच्या स्टँपवर नोटरी करून येतात आणि मग माझ्याकडे येतात. मला चालतं.

दुरुस्तीसाठी त्याच कायद्यात १४ कलम आहे. मालकाने जागा चांगल्या स्थितीत ठेवायची. ठेवली नाही तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि भाड्यातून वळती करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपर्यंत. पण गंमत अशी की हे कलम 'भाडेकरू' म्हणतं आणि तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे कागदोपत्री ते भाडेकरू नाहीतच, परवानाधारक आहेत. त्यामुळे इथे बरंचसं करारातल्या शब्दांवर येतं, आणि तुमच्या करारात दुरुस्तीला एकच ओळ आहे. एजंटचा छापील मसुदा असणार. नाव बदलून छापतात.

चकली_कडक | ११ डिसेंबर, दुपारी १.४०

वकीलताई, स्टँप ड्युटी किती पडते हो?

सौदामिनी_वकील | ११ डिसेंबर, दुपारी १.५२

पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून येणारी रक्कम, या बेरजेवर पाव टक्का. धागाकर्त्यांच्या आकड्यांनी २,४२,००० भाडं आणि साधारण साडेपाच हजार डिपॉझिटचे, म्हणजे ड्युटी सहा-सातशेच्या घरात. नोंदणी फी शहरात हजार, ग्रामीण भागात पाचशे. आता घरबसल्या आधारच्या अंगठ्यावर होतं. ड्युटी-फी कुणी भरायची ते आपसात ठरवा, बरेच जण निम्मं निम्मं करतात.

कोरमंगला_कट्टा | ११ डिसेंबर, दुपारी ३.२०

तुम्ही पुणे-मुंबईवाले सुखी आहात. बंगळूरला मी आलो तेव्हा दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून मोजलं होतं, आणि घर सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगच्या नावाने कापायचं हा तर इथला कुळाचार आहे. दोन वर्षं राहा नाहीतर सहा महिने. पुढच्या भाडेकरूला विचारलं, त्याच जुन्या भिंती दिल्या होत्या त्याला.

२०२१मध्ये केंद्राने आदर्श भाडे कायदा आणला त्यात राहत्या घराला डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर नको असं आहे. वाचून बरं वाटलं तेवढंच. भाड्याचा विषय राज्यांचा, राज्याने आपला कायदा केला तरच उपयोग.

फुकट_सल्ला | ११ डिसेंबर, दुपारी ४.०५

@कोरमंगला_कट्टा, बरं झालं तुम्ही तो कायदा काढलात. त्याच्या परिशिष्टात दुरुस्तीची वाटणीच दिलीय, आत्ता बसून वाचली. मालकाकडे: इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींना रंग-सफेदी, गरज पडली तर पाइप बदलणं, वायरिंग. राहणाऱ्याकडे: नळ आणि वॉशर, ड्रेनेज साफ करणं, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, खिडकीच्या काचा, आणि लक्ष देऊन वाचा बरं का, गीझरची दुरुस्ती.

मी काल काय म्हणालो होतो? भिंतीबाहेरचं राहणाऱ्याचं!

रेवा_वाकड | ११ डिसेंबर, दुपारी ४.१८

जो कायदा महाराष्ट्रात लागू नाही त्याचं परिशिष्ट वाचून जिंकलात. अभिनंदन. आणि तिथे 'दुरुस्ती' लिहिलंय, 'नवीन घ्या' नाही.

पेठेतला_पाहुणा | ११ डिसेंबर, दुपारी ४.२१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कुणाला हवेत का?

कोल्हापुरी_पांढरा | ११ डिसेंबर, संध्याकाळी ६.४४

काय नाय ओ, एवढं कायद्यानं कशाला बोलताय. माझं तीन गाळे आणि वर चार खोल्या भाड्यानं हैत. आपला नियम काय, घर देताना सगळं चालू करून द्यायचं, नळ, फ्लश, पंखा, दिवा, कुलूप, आणि मोबाईलवर व्हिडिओ काढून त्यांच्यासमोरच त्यांना पाठवायचा. मीटरचा फोटो बी. जाताना तोच व्हिडिओ लावून बघायचा. भांडान कधी झालं न्हाई. आणि लाईट बिल भरल्याशिवाय डिपॉझिट द्यायचं न्हाई, मीटर आपल्या नावावर असतंय, थकबाकी आपल्याच डोक्यावर येतीय. हे मी एकदा नऊ हजाराला शिकलोय.

ओसरीवरचा | ११ डिसेंबर, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. व्हिडिओची कल्पना उत्तम, मी किल्ली एजंटकडे देऊन मोकळा झालो होतो. खरं सांगायचं तर भाडेकरूंना मी प्रत्यक्ष एकदाच भेटलोय.

पोलिसांकडे माहिती एजंटने ऑनलाइन भरली म्हणाला होता, ती पोच मागून घेतो.

सचिव_नाइलाजाने | ११ डिसेंबर, रात्री ८.४८

नक्की घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी मालकाची असते, एजंटने 'केलं' म्हटलं म्हणजे झालं नाही. पोलिसांचे तसे आदेश असताना ती दिली नाही तर मालकावर गुन्हा नोंदवतात, पूर्वी दंडविधानाचं १८८ कलम लावायचे, आता न्याय संहितेचं २२३.

आणि पुण्यात अजून एक. घरपट्टीत स्वतः राहणाऱ्यांना जी ४० टक्के सवलत आहे ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही. आईच्या नावाने ती चालू असेल आणि तुम्ही तशीच घेत असाल तर एक दिवस फरकाचं बिल येईल. आमच्याकडे तिघांना आलं.

ओसरीवरचा | ११ डिसेंबर, रात्री ८.५५

हे माहीतच नव्हतं. बघतो. (मी धागा गीझरचा काढला होता ना?)

टेम्सकाठचा_बंड्या | १२ डिसेंबर, पहाटे ३.१०

भारतातल्या पहाटे लिहितोय, इथे अजून रात्र आहे. मी दोन्हीकडचा आहे, इंग्लंडमध्ये रेडिंगला भाडेकरू आणि ठाण्यात मालक. आधी मालक म्हणून एक टीप देणार होतो: मालक अनिवासी असेल तर भाडं कितीही असो, भाडेकरूने तीस टक्के आणि वर सेस असा कर कापून भरायचा असतो. माझ्या भाडेकरूला हे सांगताना मलाच लाज वाटली होती पण न सांगितलं तर बालंट त्याच्यावर येतं, त्यामुळे सांगणं माझंच काम.

पण ते राहू दे. धागा पुन्हा पहिल्यापासून वाचला आणि एका वाक्यावर अडलो. @ओसरीवरचा, तुम्ही लिहिलंय गीझर मधेच विझतो. विजेचा गीझर विझत नाही, बंद पडतो. हा गॅसचा गीझर आहे का? बाथरूमच्या आत लावलेला आहे का? आणि वहिनींचं डोकं दुखतं, कोंडल्यासारखं होतं असंही लिहिलंय.

असेल तर कृपा करून हे पैशाचं सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता फोन करा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, रक्तात ऑक्सिजनची जागा तो कितीतरी पटीने जोरात पकडतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि मग माणूस खाली बसतो तो उठत नाही. बंद बाथरूममध्ये काही मिनिटांचा खेळ. त्यातून थंडीचे दिवस, लोक खिडकी लावून आंघोळ करतात, आणि घरात चार वर्षांचं पोर आहे.

इथे घरात गॅसची उपकरणं असतील तर मालकाला दर वर्षी नोंदणीकृत माणसाकडून तपासून प्रमाणपत्र भाडेकरूला द्यावंच लागतं. २०२२च्या ऑक्टोबरपासून बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही मालकानेच लावायचा. माझा मालक एरवी महाचिकट माणूस आहे, खिडकीची कडी तीन महिने लावली नव्हती, पण गॅसवाला दर सप्टेंबरला न चुकता पाठवतो.

रेवा_वाकड | १२ डिसेंबर, सकाळी ६.५५

अरे देवा. हे वाक्य मी दोनदा वाचलं होतं आणि 'मालक की भाडेकरू' करत भांडत बसले. @ओसरीवरचा, पाहिलंत का? लगेच फोन करा.

चकली_कडक | १२ डिसेंबर, सकाळी ७.२०

धागा वर आणतेय. धागाकर्ते ऑनलाइन या.

ओसरीवरचा | १२ डिसेंबर, सकाळी ७.४१

आत्ता पाहिलं. हो. गॅसचा आहे. बाथरूमच्या आत आहे. फोन केला, वहिनी पाणी तापवायच्याच तयारीत होत्या. गीझरचा कॉक बंद करायला सांगितलं, आज चुलीवर, म्हणजे शेगडीवर पाणी तापवतील. हात थरथरतायत, नंतर लिहितो.

ओसरीवरचा | १२ डिसेंबर, सकाळी ११.२६

आता सविस्तर. आणि हे लिहायला जड जातंय.

बाथरूमला एक लहान खिडकी आहे, जाळीची. ती बंद आहे. भाडेकरूंनी नाही केलेली. मीच केलीय. आईच्या वेळी कबुतरं आत येऊन घाण करायची, तर मी सुतार बोलावून बाहेरून ॲक्रिलिकची शीट ठोकून घेतली होती, वरून सिलिकॉन. त्यानंतर वर्षभरात गॅसचा गीझर बसवला, तेव्हा बसवायला आलेला माणूस 'खिडकी उघडी ठेवा' म्हणाला होता हेही आता आठवतंय. आई बादलीभर पाणी काढून घ्यायची, गीझर बंद करायची आणि मग आंघोळीला बसायची, त्यामुळे तिला कधी त्रास झाला नसावा. या लोकांना हे सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मी विसरूनच गेलो होतो.

दुपारच्या बसने पुण्याला निघतोय.

वऱ्हाडी_ठेचा | १२ डिसेंबर, सकाळी ११.४०

भाऊ, जा तुम्ही आधी. काल मी मस्करी केली, मनावर घेऊ नका. पोरगी बरी आहे ना?

ओसरीवरचा | १२ डिसेंबर, सकाळी ११.५२

हो. मुलीची आंघोळ स्वयंपाकघराच्या मोरीत घालतात म्हणे, बाथरूममध्ये ती रडायची म्हणून. ऐकून पोटात गोळा आला.

सौदामिनी_वकील | १२ डिसेंबर, दुपारी १.१०

ओसरीवरचे, तुम्ही आत्ता स्वतःला बोल लावत असाल म्हणून आधी लिहिणार नव्हते, पण हा धागा उद्या दुसरं कुणी वाचेल म्हणून लिहिते. काल मी म्हटलं की लिव्ह अँड लायसन्समध्ये बरंचसं करारावर येतं. 'बरंचसं' म्हटलं, 'सगळं' नाही. लायसन्स ही मुळात १८८२च्या सुखाधिकार कायद्यातली गोष्ट आहे, ५२ कलमात तिची व्याख्या आहे. त्याच्या ५७ कलमात म्हटलंय की जागेत एखादा दोष असेल, तो राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोकादायक असेल, देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. पुढच्याच कलमात, जागा धोकादायक होईल असं काही देणाऱ्याने करू नये. म्हणजे 'किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी' ही ओळ या प्रकरणात तुमच्या काहीच कामाची नाही. ती वॉशरसाठी आहे.

फुकट_सल्ला | १२ डिसेंबर, दुपारी १.३५

माझं सूत्र मागे घेतो. गीझर भिंतीबाहेर असला तरी.

कोल्हापुरी_पांढरा | १२ डिसेंबर, दुपारी २.१५

आमच्याकडं बी दोन खोल्यांत गॅसचं गीझर हैत. बाथरूमच्या बाहेर, मागच्या गॅलरीत लावल्यात, पाइपानं पाणी आत. तरी आज जाऊन ज्योत बघून आलो. निळी पायजे, पिवळी दिसली की समजायचं गडबड हाय. एक पिवळसर वाटली, बंद करून आलोय, उद्या माणूस येतोय.

पेठेतला_पाहुणा | १२ डिसेंबर, दुपारी २.३०

मी फक्त टवाळक्या करायला आलो होतो पण आता उठून बायकोच्या माहेरचं बाथरूम बघायला चाललोय. तिथेही कबुतरांसाठी खिडकी बंद केलीय.

ओसरीवरचा | १५ डिसेंबर, रात्री ९.०५

परत आलो नाशिकला. हिशेब देतो, तुम्हा सगळ्यांचा हक्क आहे.

शीट उपटून टाकली, तिथे जाळी आणि एक्झॉस्ट पंखा. गॅसचा गीझर काढला, लाइनला डमी लावून घेतला. विजेचा घेऊ म्हटलं तर इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडून मलाच आत बघायला लावलं. बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंगच नव्हतं. १९९४पासून. मग नवीन वायर ओढली, मोठा पॉइंट, मेनला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. म्हणजे एक मरण काढून दुसरं बसवणार होतो. गीझर ७,४००, वायरिंग आणि बाकी मिळून ९,८००. एजंटला फोनवर आकडा सांगितला तर म्हणाला 'सर पुढच्या करारात वसूल करू.' त्याला म्हटलं पुढचा करार मी स्वतः करीन.

भाडेकरूंना समोर बसवून सांगितलं, शीट मी लावली होती आणि मला कुणीतरी बजावलं होतं. ते दादा काही बोलले नाहीत. वहिनींनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, 'आम्हाला वाटलं काका, आमचीच बंद बाथरूमची सवय नाही म्हणून होत असंल, गावाकडं उघडं असतंय ना.' सहा महिने त्या असं समजत होत्या. चहा गोड होता का कसा ते आठवत नाही.

ओलीचं, सचिवसाहेब, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून झिरपतंय, वरही भाडेकरूच आहेत आणि त्यांचा मालक दुबईला. तो म्हणतो भाडेकरूंना सांगा. सोसायटीला पत्र दिलंय, पोच घेतलीय.

सचिव_नाइलाजाने | १५ डिसेंबर, रात्री ९.३०

त्याला या धाग्याची लिंक पाठवा.

टेम्सकाठचा_बंड्या | १५ डिसेंबर, रात्री ११.५०

छान केलंत. झोप लागेल आता, मलाही. ठाण्याच्या भाडेकरूला फोन केला होता, तिथे विजेचाच आहे, पण गेल्या वर्षभरात त्याला स्वतःहून केलेला हा माझा पहिला फोन. तो घाबरला, त्याला वाटलं घर रिकामं करायला सांगतोय.

चकली_कडक | १६ डिसेंबर, सकाळी १०.१५

आमच्या मार्चच्या करारासाठी मी यादी करतेय. जिवाशी खेळ असलेलं सगळं आमचं, म्हणजे गॅस, वायरिंग, ग्रिल, सज्जा. जुनं होऊन मेलेलं आमचं. हरवलं, फुटलं, तुंबलं ते त्यांचं. देताना व्हिडिओ. काही राहिलं का?

सौदामिनी_वकील | १६ डिसेंबर, दुपारी १.०२

'काही बिघडल्याचं कळवल्यावर इतक्या दिवसांत मालक बघेल' असा दिवसांचा आकडा घाला. आणि तुमच्या फेऱ्यांचंही लिहा, आधी कळवून आणि सोयीच्या वेळी. मालक आहे म्हणून किल्ली लावून आत शिरता येत नाही, माझ्याकडे असे दोन महाभाग येऊन गेलेत.

नवा_गडी_२४ | १८ डिसेंबर, रात्री ८.००

सगळा धागा वाचला नाही. थोडक्यात कुणी सांगेल का, मग गीझर कुणाचा?

ओसरीवरचा | १८ डिसेंबर, रात्री ८.१७

माझा.

रेवा_वाकड | १८ डिसेंबर, रात्री ८.२०

आणि तो किटकिट करणारा पंखा?

ओसरीवरचा | १८ डिसेंबर, रात्री ८.२६

तेल घालून आलो होतो. काल फोन होता, अजून करतो म्हणे. तो त्यांचा.